हातावरचं वजन

माझ्या गोळ्यांचा डबा सुनेकडे असतो. निळा प्लास्टिकचा डबा, सात झाकणं, प्रत्येक झाकणावर वाराचं अक्षर. तो तिच्या कपाटात साड्यांच्या मागे ठेवलेला असतो. सकाळी नाश्ता झाला की ती एक झाकण उघडते, गोळ्या माझ्या तळहातावर ठेवते आणि मी गिळेपर्यंत समोर उभी राहते. गिळल्यावर मी तोंड उघडून दाखवतो. तसं तिने कधी सांगितलेलं नाही. मीच दाखवतो, रागाने.

याचं कारण सांगायला पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल म्हातारा भ्रमला आहे. मी गोळ्या रंगावरून ओळखतो. उल्हासनगरात जीन्सच्या कारखान्यात तीस वर्षं रंगाच्या टाकीवर काढली. शाळा तिसरीपर्यंत. इंग्रजी अक्षर लागत नाही, पण आकडा लागतो आणि रंग तर लागतोच. रक्तदाबाची माझी गोळी फिकट गुलाबी होती. एकदा मेडिकलवाल्याने तीच गोळी दुसऱ्या कंपनीची दिली, ती निघाली पांढरी. मला वाटलं डॉक्टरांनी नवीन वाढवली. घरात गुलाबी उरल्या होत्या, त्याही घेत राहिलो. चौथ्या दिवशी बाथरूममध्ये चक्कर येऊन पडलो. खुब्याला मार बसला, हाड वाचलं.

घरात ठरलं की बाबांना मोजता येत नाही. मी मोजायला चुकलो नव्हतो. रोज एक गुलाबी, एक पांढरी, बरोबर मोजून घेत होतो. मुलाला हे सांगायला गेलो तर तो म्हणाला, "ठीक आहे बाबा." त्याचं ठीक आहे म्हणजे विषय संपला.

तेव्हापासून डबा गेला आणि घराच्या दाराला वरची कडी आली. माझे खांदे आता वर जात नाहीत, म्हणून कडी मुद्दाम वर, मी एकटा बाहेर पडू नये यासाठी. बदलापूरला सातव्या मजल्यावर आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट. मुलगा सकाळी जातो तो दिवे लागल्यावर येतो. सून घरूनच काम करते, पुढच्या खोलीत लॅपटॉप घेऊन, कानात वायर घालून. तिच्याशी बोलायचं तर आधी हात हलवून दाखवावा लागतो. माझी खोली मागची. तिला छोटी बाल्कनी, आणि बाल्कनीला कबुतरं येऊ नयेत म्हणून मुलाने लावलेली नायलॉनची जाळी. जाळीतून मलंगगड चौकोन चौकोन दिसतो. चार महिने मी तेवढंच बघत होतो. चौकोनसुद्धा मोजून झाले होते.

होळी होऊन आठवडा झाला असेल. सकाळी बाल्कनीत गेलो तर कोपऱ्यात, जुन्या कुलरच्या मागे, कबुतर बसलेलं. एसीचा पाइप जिथून जातो तिथे जाळीला वीतभर फट आहे, तिथून आत आलं असणार. आत आलं आणि बाहेरची वाट सापडली नाही. पिसं फुलवून, मान आत घेऊन, डोळे अर्धे मिटून बसलं होतं. मी हात पुढे केला तरी हललं नाही. कबुतर हाताला पळत नाही तेव्हा ते फार आजारी असतं.

सून दारात आली आणि तिने ओढणी नाकावर घेतली.

"बाबा, ते आधी बाहेर काढा. त्याच्या घाणीने माणसांची फुफ्फुसं जातात. सोसायटीच्या ग्रुपवर रोज येतंय."

"बाहेर म्हणजे कुठे? सातव्या मजल्यावरून खाली?"

"वॉचमनला बोलावते."

"वॉचमन काय करेल, मांडीवर घेऊन बसेल?"

"तुम्हाला काय कळतं त्यातलं?"

हे मला लागलं. मी म्हणालो, "तुझा नवरा जन्मायच्या आधी माझ्याकडे चाळीस कबुतरं होती. उल्हासनगरच्या कॅम्पात, बराकीच्या छपरावर. आजारी पडली की मीच औषध द्यायचो."

"कसलं औषध?"

"ओव्याचं पाणी. चोच वर करायची आणि ओतायचं."

"मग जगायची?"

"काही जगायची."

ती हसली. ओढणीच्या आड हसली, पण डोळ्यांत दिसलं. ती हसली तेव्हा मी मागून घेतलं. म्हणालो, "हे मी जगवून दाखवतो. जगवलं तर माझा डबा मला परत."

ती लगेच हो म्हणाली नाही. हिशेबी बाई आहे, काम तसलंच करते. विचार करून म्हणाली, "डॉक्टरला विचारून करायचं, ओव्याचं पाणी नाही. जितके दिवस सांगतील तितके दिवस. एक वेळ चुकली नाही, एक थेंब चुकला नाही, तर डबा तुमचा. आणि मास्क लावायचा, खोलीचं दार बंद ठेवायचं."

"कडीचं काय?"

"कडीचं नंतर बघू."

तिनेच फोनवर शोधून अंबरनाथ पश्चिमेला पक्ष्यांचं बघणारी एक डॉक्टर काढली. मुलगीच होती आवाजावरून. ती गावाला गेलेली, दवाखाना आठवडाभर बंद, पण व्हिडिओवर बघायला तयार झाली. मी चोच उघडली, सुनेने लांबून फोन धरला. घशात पिवळं दही चिकटल्यासारखं दिसत होतं. डॉक्टर म्हणाली हा कबुतरांचा नेहमीचा रोग, औषध आहे, पण आधी त्याला ऊब द्या. गार पडलेल्या पक्ष्याला औषध पचत नाही. मग तिने मला विचारलं, "काका, औषध पाजायचं माहिती आहे का?"

मी ओतायचं सांगितलं. ती म्हणाली, "मग यावेळी तसं करू नका. जिभेच्या मुळाशी एक भोक दिसेल, उघडझाप करत असतं. ती श्वासाची वाट. ओतलं की औषध त्यात जातं आणि पक्षी बुडून मरतो. सिरिंज बाजूने घालायची, त्या भोकाच्या मागे न्यायची, थोडं थोडं सोडायचं, त्याला गिळू द्यायचं."

मी चोच पुन्हा उघडली आणि बघितलं. होतं भोक. चाळीस कबुतरं सांभाळली आणि ते मी कधी बघितलं नव्हतं. बराकीच्या छपरावर जी मेली, ती रोगाने मेली की माझ्या हाताने, हे आता कोणाला विचारणार.

"आता वजन सांगा," डॉक्टर म्हणाली. "वजनावर औषध ठरतं, वजनाशिवाय मी आकडा सांगणार नाही. किचनमध्ये काटा असेल ना?"

सुनेचा केकचा काटा होता. पण तेवढ्यात तिची मीटिंग सुरू झाली, ती फोन माझ्या हातात देऊन पुढच्या खोलीत गेली. मी एकटाच राहिलो.

इथे मला कारखान्याचं सांगायला पाहिजे. टाकीत रंगाची पावडर पडायची ती माझ्या हाताने. काटा होता, पण तो शेठ गिऱ्हाइकाला दाखवायला ठेवायचे. मी पसा भरायचो आणि टाकायचो, आणि शंभर पॅन्ट एका रंगाच्या निघायच्या. शेठ सिंधी होते, कोणी पाहुणा आला की मला बोलवायचे, हातात पावडर द्यायचे, आकडा विचारायचे, मग काट्यावर घालून दाखवायचे. "साईं, इसका हाथ नहीं है, काँटा है." तीस वर्षं ऐकलेलं वाक्य आहे. त्या माणसाने आता केकच्या काट्याला विचारायचं?

मी कबुतर तळहातावर घेतलं. डोळे मिटले.

"साडेतीनशे ग्रॅम," मी म्हणालो.

"काट्यावर केलं ना, काका?"

"केलं."

तिने औषध आणि सिरिंजवरची रेघ सांगितली. मेडिकलचा माणूस दुपारी पुडकं देऊन गेला, त्यात बिनसुईच्या दोन सिरिंज. रेघ बारीक होती. उन्हात धरून, चष्मा कपाळावर ढकलून, मी बरोबर त्या रेघेपर्यंत औषध ओढलं. थेंब इकडेतिकडे नाही. टॉवेलात गुंडाळून पाजलं, भोकाच्या मागे, थोडं थोडं. सून दाराच्या फटीतून बघत होती. तिने कॅलेंडरवर खूण केली. संध्याकाळी दुसरी खूण झाली.

खोलीचं दार बंद, दोघं आत. खोक्याच्या एका बाजूला गरम पाण्याची पिशवी, फडक्यात गुंडाळून, दुसरी बाजू मोकळी, म्हणजे त्याला नको वाटलं तर सरकता येईल. खाली ओला केलेला पेपर, कारण घाण सुकून उडायला नको. मास्कमध्ये माझाच श्वास मला गरम लागायचा. पुढच्या खोलीतून तिचं इंग्रजी ऐकू यायचं. खाली रिक्षावाले वांगणीचं भाडं ओरडायचे. मला वांगणीला जायचं नव्हतं, काही काम नव्हतं माझं तिथे, पण ऐकून जीव नुसता तिकडे जायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळचं औषध दिलं आणि तासाभराने कबुतर एका बाजूला कलंडलं. उठलं, पुन्हा कलंडलं. मग मान अशी वाकडी केली की डोळा आढ्याकडे. ओकलं. मी त्याला सरळ धरलं तर पाय गळून गेलेले.

मला पहिल्या क्षणाला कळलं होतं. तरी मी अर्धा तास दुसरी कारणं शोधत बसलो. रोगच वाढला असेल. पिशवी जास्त गरम झाली असेल. पिशवीला हात लावून बघितला, ठीक होती. शेवटी त्याच्या छातीला हात लावला, पिसांच्या आत बोटं घातली, आणि मधलं हाड सुरीसारखं लागलं. वर पिसांचा फुगा आणि आत काहीच नाही. आजारी कबुतर फुगून मोठं दिसतं, हे मला माहीत होतं. तरी डोळा फसला, आणि डोळ्याने सांगितलं ते हाताने ऐकलं. साखरेच्या आजाराने माझी बोटं दोन वर्षं झाली बधिर आहेत. चहाचा कप किती गरम आहे ते मला ओठाला लावल्यावर कळतं. हे मी घरात कोणाला सांगितलेलं नव्हतं.

सून कानात वायर घालून बोलत होती. मी भिंत धरत स्वयंपाकघरात गेलो, काटा पदराआड लपवावा तसा बनियनच्या आत लपवून आणला. बटणं दाबून बघितली, चालू झाला. आधी रिकामा पुठ्ठ्याचा डबा ठेवला, आकडा कागदावर लिहिला. मग कबुतरासकट ठेवला. वजाबाकी केली. दोनशे दहा. पुन्हा केली. दोनशे दहा.

म्हणजे दोनशे दहा ग्रॅमच्या जिवाच्या पोटात साडेतीनशेचं औषध जात होतं, एकदा नाही, तीनदा.

संध्याकाळच्या औषधाला अजून वेळ होता. मी खाटेवर बसून विचार केला, आणि तो विचार काही चांगला नव्हता. सुनेला काही माहीत नव्हतं. संध्याकाळी मी सिरिंजमध्ये नुसतं पाणी घेऊन पाजलं असतं तरी तिने खूण केली असती. उद्यापासून अंदाजाने कमी केलं असतं. कबुतर जगलं असतं तर डबा माझा होता. मेलं असतं तर आजारीच होतं, असं म्हणता आलं असतं. सिरिंज हातात घेतली आणि कमी म्हणजे किती, ते ठरवायला लागलो. तिथे अडकलो. अंदाजच तर करायचा होता, आणि अंदाज येईना. कबुतर डोळा आढ्याला लावून पडलं होतं.

मी पुढच्या खोलीत जाऊन हात हलवला. तिने वायर काढली.

"डॉक्टरला फोन लाव," मी म्हणालो. "आणि तो मोठ्या आवाजाचा स्पीकर चालू कर, मला कानाला धरून ऐकू येत नाही."

ऐकू येतं मला. पण एकदाच सांगायचं होतं, दोघींना एकदम.

डॉक्टरने सगळं ऐकून विचारलं, "औषध रेघेपर्यंतच घेतलं ना?"

"रेघेपर्यंतच."

"वजन साडेतीनशे. काट्यावर केलेलं."

"हातावर केलेलं," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"तळहातावर घेऊन. काट्यावर आज केलं. दोनशे दहा आहे."

फोनमधून कुठलातरी कोंबडा आरवला. मग ती म्हणाली, "काका, मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो. मी खोटं सांगितलं."

सून माझ्याकडे बघत होती. मी फोनकडे बघत राहिलो.

डॉक्टर चिडली नाही, चिडली असती तर बरं झालं असतं. तिने सांगितलं, औषध ताबडतोब बंद. अंधार आणि ऊब. जबरदस्तीने काही पाजायचं नाही, चोचीच्या कडेला एक एक थेंब पाणी लावायचं, घेतलं तर घेऊ द्यायचं. रात्र काढली तर सकाळी फोन करा, नव्याने आकडा सांगते. "आणि पहिल्यापासून धरायचं," ती म्हणाली. "झालेले दिवस मोजायचे नाहीत."

फोन ठेवल्यावर सून म्हणाली, "माझ्या केकच्या काट्यावर कबुतर ठेवलंत?"

"डब्यात घालून ठेवलं."

"तो काटा आता तुमचा. मी नवीन आणीन."

डब्याचं नाव तिने काढलं नाही. कॅलेंडरवरच्या तीन खुणा तिने पेनाने खोडल्या.

सकाळी कबुतर बसलेलं होतं. कलंडत होतं, पण स्वतः सावरत होतं. नवीन आकडा आला तो आधीच्यापेक्षा इतका कमी की सिरिंजच्या तळाशी औषध दिसेना. माझ्या डोळ्यांना ती रेघ सापडेना आणि मी ते बोललो. सून मास्क लावून, हातांना पिशव्या बांधून खोलीत आली. औषध ओढायचं काम तिचं, धरायचं माझं. पहिल्या दिवशी ती सिरिंज अशी धरून उभी, जणू कबुतरच तिला टोचणार आहे.

"ये जवळ. माणूस खात नाही ते."

"तुम्ही नीट धरा आधी."

"पाय दोन बोटांत, अंगठा पाठीवर. छाती दाबायची नाही, छाती दाबली की त्याचा श्वासच बंद होतो. भोक दिसतंय?"

"दिसतंय. बाबा, किती भरभर उघडतंय ते."

"त्याच्या मागे ने. हं. आता थोडं. गिळू दे त्याला."

त्या दिवसांत आमचं जेवढं बोलणं झालं तेवढं लग्न होऊन ती आली तेव्हापासून झालं नव्हतं, आणि ते सगळं कबुतराच्या घशाबद्दल. दिवसातून दोन वेळा. काम झालं की ती साबणाने हात धुवायची, दार ओढून घ्यायची, आणि मी परत आत.

घशातलं पिवळं कमी होत गेलं. रोज सकाळी मी माझ्या काट्यावर वजन करून आकडा कॅलेंडरवर लिहायचो. मान सरळ व्हायला सर्वांत जास्त दिवस लागले. दाणे वेचायला लागलं तेव्हा चोच नेम धरून मारायचं आणि दाणा बाजूलाच राहायचा. ते चिकाटीने पुन्हा मारायचं. मी बघत बसायचो. औषध संपलं, डॉक्टर दवाखान्यात परतली, तिने व्हिडिओवर घसा बघितला आणि सोडा म्हणाली.

सोडायच्या सकाळी सून म्हणाली, "बाबा, आज हातावर घेऊन सांगा बघू किती असेल."

चिडवत होती. मी म्हणालो, "काट्यावर ठेव."

दोनशे पंचाऐंशी भरलं. मी मनात दोनशे चाळीस धरलं होतं. ते तिला सांगितलं नाही, इथेच पहिल्यांदा लिहितो आहे.

गच्चीची चावी सेक्रेटरीकडे, आणि सेक्रेटरीला काय सांगणार. म्हणून सुनेनेच कात्रीने पाइपाजवळची जाळी आणखी हातभर कापली. कबुतर कठड्यावर बसलं, बराच वेळ बसलं. मग समोरच्या बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीवर गेलं आणि तिथल्या कबुतरांत मिसळलं. मला ते पाच मिनिटं ओळखता येत होतं. नंतर नाही.

आत आल्यावर तिने डबा आणला. मी म्हणालो, "अट मोडली."

"मोडली," ती म्हणाली.

झाकण उघडून तिने गोळ्या हातावर ठेवल्या. मी गिळल्या नाहीत. पांढरी बोटाने बाजूला केली. "ही कशाची?"

"बीपीची."

"आणि गुलाबी?"

"ती आता येत नाही. तीच ही बाबा, फक्त कंपनी वेगळी."

"हेच मी चार महिने सांगतोय."

ती डबा हातात धरून उभी राहिली. "म्हणजे तुम्ही विसरून दोनदा नव्हती घेतली?"

"एकेकदाच घेतली. दोन रंगांची."

मी बोटांचंही सांगितलं, कपाचं, बधिर असल्याचं. सगळं सांगूनच टाकलं. ती म्हणाली संध्याकाळी ह्यांच्याशी बोलते, डॉक्टरांकडे जायला लागेल. डबा परत साड्यांच्या मागे गेला. गोळ्या गिळल्या, पण मी तोंड उघडून दाखवलं नाही आणि तिने वाट बघितली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता होतोय तोच जाळीवाला आला. मुलानेच पाठवला होता. स्टुलावर चढून त्याने कापलेला भाग नवीन दोऱ्याने विणला, पाइपाभोवतीची वीतभर फटही बुजवली आणि दोन्ही हातांनी जाळी ओढून बघितली. "अब कुछ नहीं घुसेगा, चाचा," तो म्हणाला.

तो गेला. सुनेने दार लावून वरची कडी घातली, माझ्या गोळ्यांसाठी पाण्याचा ग्लास आणला, आणि मी तळहात पुढे केला.